पोरगं पडलं की कोचनं काय करायचं

कोल्हापुरात मी शाळेत पीटी घेते आणि रविवारी सकाळी बारा-तेरा वर्षांच्या पोरापोरींना फुटबॉल शिकवते. इथं फुटबॉल पेठेच्या इज्जतीचा असतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पोरं जे बघतात, तेच सोमवारी शाळेच्या ग्राउंडवर करतात. आदळायचं, लंगडत उठायचं, पुन्हा पळायचं. बाहेरून कुणीतरी ओरडतंच, "ऊठ की, काय हुतंय!" पहिली काही वर्षं ते ओरडणारी मीच होते.

मग एका सामन्यात आमचा डिफेंडर हेडरला उडाला आणि त्याचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं. उठला, "मॅडम, बरा आहे" म्हणाला. मी तोंडावर पाणी मारलं आणि परत पाठवला. आम्ही एक-शून्यनं पुढं होतो, दहा मिनिटं उरली होती. रात्री त्याच्या आईचा फोन आला, "मॅडम, तिसऱ्यांदा उलटी केली त्यानं. ग्राउंडवर काय झालं होतं?" मला धड सांगताही येईना. मी पोराकडं बघतच नव्हते, बॉलकडं बघत होते. पोरगं बरं झालं, पण पुढं कितीतरी दिवस पुस्तक उघडलं की त्याचं डोकं ठणकायचं. नवीन कोचनी विचारलं की मी जे सांगते, ते त्या रात्रीपासूनचं आहे.

आदल्या दिवशी

सगळ्यात आधी ग्राउंडच्या मोठ्या गेटची किल्ली कुणाकडं आहे ते विचारा. १०८ ला फोन केला, अँब्युलन्स आली आणि गेटला कुलूप, असं होऊ शकतं. रविवारी एक्स-रे कुठं चालू असतो, तेही शनिवारीच बघून ठेवा. प्रत्येक पोराचं एक कार्ड करा. त्यावर घरचे दोन फोन नंबर, दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे, आधी कुठं लागलं होतं एवढं पुरे. बर्फ मी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून घेते आणि थर्मासात भरते. हलवता येणारे गोलपोस्ट असतील तर मागं वाळूची पोती टाकल्याशिवाय पोरांना जवळ फिरकू देऊ नका.

आणि एक दुसरं मोठं माणूस हवंच. जखमी पोराबरोबर तुम्ही गेलात तर उरलेली सतरा पोरं कुणाच्या भरवशावर?

पहिली दोन मिनिटं

पंचांनी हात केल्याशिवाय आत धावायचं नाही. दुखापत गंभीर वाटली तर पंच खेळ थांबवतात, किरकोळ वाटली तर बॉल बाहेर जाईपर्यंत चालू ठेवतात. तुम्हाला गंभीर वाटत असेल तर मोठ्यानं सांगा, पण सांगण्याचा सूर भांडणाचा नको.

जवळ गेल्यावर उचलू नका. "ऊठ" म्हणू नका. गुडघ्यावर बसा आणि नाव घेऊन विचारा, "कुठं दुखतंय?" मान दुखतेय म्हणाला, हातापायाला मुंग्या आल्यात म्हणाला किंवा बोलतच नसेल, तर डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरायचं आणि अँब्युलन्स येईपर्यंत सोडायचं नाही. श्वास चालत नसेल तर मात्र मानेपायी थांबू नका, छाती दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे वाचून येत नाही, एक दिवस घालवून बाहुलीवर शिकून घ्या. डिसेंबर २००४ मध्ये बेंगळुरूत फेडरेशन कपच्या फायनलला गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनिअर गोलकीपरशी धडकला, कोसळला आणि वाचला नाही. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन हृदय थांबून पडला. तिथं लगेच उपचार सुरू झाले आणि तो पुन्हा खेळलासुद्धा. त्या दिवशी त्याच्या साथीदारांनी त्याच्याकडं पाठ करून कडं केलं होतं, म्हणजे कॅमेऱ्याला तो दिसू नये. मी हे पोरांना शिकवते. कडं करा, पाठ आत, तोंड बाहेर. मोबाइल घेऊन येणाऱ्या काकांना तुम्हीच अडवा.

फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा नको. आजूबाजूचं सामान सरकवा, झटके थांबले की कुशीवर वळवा.

डोकं

डोक्याला मार लागला आणि शंका आली की पोरगं बाहेर. त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. नजर हरवल्यासारखी, तोल जाणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, मळमळ, उजेड सहन न होणं, यातलं एक दिसलं तरी बास. मी विचारते, "आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत? हा कितवा हाफ? शेवटचा गोल कुणी मारला?" उत्तर चुकलं तर बाहेरच. उत्तरं बरोबर आली म्हणून परत आत पाठवायचं, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

त्याला एकटं बसवू नका, सायकलवरून घरी तर अजिबात सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं आणि त्यांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी द्यायची नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, हात-पाय लुळा पडणं, कानानाकातून पाणी येणं, यातलं काही दिसलं तर घरी जायचा विचारही नको, सरळ हॉस्पिटल.

परतताना आधी शाळा, मग फुटबॉल. चालणं, मग पळणं, मग एकट्यानं बॉल, मग धक्काबुक्की नसलेला सराव, आणि डॉक्टरनं लिहून दिल्यावरच सामना. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळांसाठी जी नियमावली आली, तिच्यात सामन्याआधी किमान २१ दिवस सांगितलेत. मी तोच आकडा धरते. एक वडील म्हणाले होते, "मॅडम, सेमीफायनल आहे ओ!" मी म्हणाले, "त्याची दहावीपण आहे, तीन वर्षांनी."

पाय

मुरगळलेला पाय चोळायला हाडवैद्याकडं न्यायची आपल्याकडं घाई असते. या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात आणि तिथला भाग मऊ असतो. वरून लचक वाटते, आत तिथंच फ्रॅक्चर असू शकतं. चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे. तोवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पाय उंच, चोळणं बंद. नाकातून रक्त आलं तर मान मागं नाही, पुढं झुकवायची. पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता दुधात टाकून डेंटिस्ट गाठा.

बॉल बाहेर मारणं

समोरचा पडला म्हणून बॉल बाहेर मारलाच पाहिजे, असा नियम कुठंच नाही. म्हणूनच ते शिकवावं लागतं. गुरुवारच्या सरावात मी हळूच एका पोराला सांगते, "आता पड." ज्याच्या पायात बॉल असेल त्यानं तो बाहेर मारायचा, बाकीच्यांनी हात वर करून पंचांना हाक द्यायची. थ्रो-इननं बॉल परत दिला जातो तेव्हा त्यावर झडप घालायची नाही, टाळ्या वाजवायच्या. पंचांनी स्वतः खेळ थांबवला असेल तर ते बॉल जमिनीवर टाकून खेळ पुन्हा सुरू करतात, त्याला ड्रॉप बॉल म्हणतात. २०१९ पासून तो एकाच संघाला मिळतो, बाकीचे चार मीटर लांब. आता बॉल कुणाकडं होता किंवा जाणार होता हे पंचांना स्पष्ट असेल तर त्या संघाला, नाहीतर शेवटी शिवलेल्या संघाला. गोलकीपरच्या पेटीत थांबला असेल तर तो गोलकीपरला मिळतो.

पोरांना डी कॅनिओची गोष्ट आवडते. डिसेंबर २०००, इंग्लंडमध्ये एव्हर्टन क्लबच्या मैदानावर एक-एक बरोबरी, शेवटची मिनिटं, एव्हर्टनचा गोलकीपर जखमी होऊन पडलेला. कडेकडून बॉल आला आणि समोरच्या वेस्ट हॅम संघाच्या डी कॅनिओनं गोल मारायचं सोडून बॉल चक्क हातात धरला. "मग हरले का मॅडम?" हा प्रश्न ठरलेला. नाही, बरोबरीच राहिली.

नाटकाचं काय? पुढं असताना वेळ काढायला पडणारी पोरं माझ्याकडंही होती. "डोकं धरलंस तर बाहेर" हा नियम केल्यावर ती पडायची थांबली. पण मग खरं लागलेलं पोरगंही लपवायला लागलं. म्हणून दुसरा नियम आला: मित्राला लागलंय हे सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. आता निम्म्या दुखापती मला शेजारच्या पोराकडूनच कळतात.

ज्याच्यामुळं लागलं, ते पोरगं

याच्याकडं कुणी बघत नाही. बाहेरून पालक शिव्या घालत असतात, आणि ते एका कडेला पांढरं पडून उभं असतं. ते आपल्या संघाचं असो वा समोरच्या, त्याच्याजवळ जा. मुद्दाम केलं असेल तर पंच आहेत, आणि आपलं असेल तर सामन्यानंतर आपणही आहोत. पण सगळ्यांसमोर "सॉरी म्हण" असं दरडावू नका, ते तोंडातल्या तोंडात पुटपुटतं आणि पळतं. मी त्याला काम देते. "त्याची बॅग घे, बूट काढून दे." गेल्या वर्षी समोरच्या संघाच्या एका मुलीनं आमच्या पोरीची बॅग रिक्षापर्यंत नेली आणि शेवटी आपली पाण्याची बाटलीही तिलाच देऊन आली.

रात्री आठ वाजता मी जखमी पोराच्या घरी फोन करते. कितव्या मिनिटाला, कसं लागलं, मी काय केलं, हे वहीत लिहिलेलं असतं. तेच वाचून दाखवते, माझी चूक असेल तर तीही. दुसरा फोन समोरच्या कोचना.