पाण्याच्या टाकीतून गिटार: ड्वेन एडीचा घुमारा घरच्या घरी

१९५८ सालच्या ‘रेबल राउझर’ या धूनमधली अमेरिकन गिटारवादक ड्वेन एडीची गिटार ओसाड गोदामात वाजतेय असं वाटतं. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या त्या स्टुडिओत इको चेंबर, म्हणजे आवाज घुमवायची रिकामी खोलीच नव्हती. निर्माता ली हेझलवूडने २,००० गॅलनची, म्हणजे साधारण ७,५०० लिटरची, पाण्याची टाकी आणवली. आत स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक, बस्स. हे आजही जमतं.

टाकीआधी वाजवणं बघा. एडी चाल जाड तारांवर वाजवायचा, कारण बारीक तारांपेक्षा त्या रेकॉर्डवर दमदार उतरतात. तुम्हीही ती खालच्या ई, ए, डी तारांवर बसवा. ०.००९ इंचाचा, म्हणजे बारीक तारांचा, सेट इथे लुळा पडतो, ०.०११चा घ्या. पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेजवळचा घ्या, पण पिक ब्रिजपासून, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथून, चार-पाच सेंटीमीटरवर मारा. भरदारपणा पिकअप देतो, धार हात देतो. अ‍ॅम्प स्वच्छ ठेवा. डिस्टॉर्शन चढवलंत की सुराची सुरुवातच चपटी होते, आणि टाकीला घुमवायला नेमकी तीच हवी असते. ट्रेमोलो, म्हणजे आवाज लहान-मोठा हलवणारा इफेक्ट, हवा असेल तर सेकंदाला पाच-सहा हेलकावे पुरेत, पण तो टाकीत जाणाऱ्या आवाजावरच लावा. नंतर लावला तर मागे रेंगाळणारा घुमाराही तुटक होतो.

गिटार आधी कोरडी, म्हणजे घुमाऱ्याशिवाय, रेकॉर्ड करा, सुरुवातीला एक टाळी वाजवून. मग तेच रेकॉर्डिंग टाकीतल्या स्पीकरवर वाजवून माइकने वेगळ्या ट्रॅकवर टिपायचं.

सिमेंटची किंवा लोखंडी टाकी उत्तम, कारण कडक भिंती आवाज परत फेकतात. प्लास्टिकची पातळ भिंत स्वतःच थरथरते, खालचे सूर गिळते आणि मधलाच एखादा सूर डब्यासारखा वाजवते. दुसरी नसेल तर चालवून घ्या. पाणी सगळं काढून टाकी पूर्ण वाळू द्या. ओलाव्यात स्टुडिओतला नाजूक कंडेन्सर माइक खरखरतो. स्टेजवरचा साधा, दणकट डायनॅमिक माइकच बरा. टाकीत स्वतः मात्र उतरू नका, बंद टाकीत प्राणवायू कमी पडून माणसं दगावतात. स्पीकर आणि माइक झाकणातून दोरीने सोडा. स्पीकर बॅटरीवरचाच हवा, मेनची वायर आत नको.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: स्पीकर माइककडे तोंड करून ठेवतात. मग थेट आवाज आधी पोचतो, घुमारा त्याखाली दबतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो तो नुसता छोटा स्पीकर. त्याचं तोंड भिंतीकडे करा, माइक टाकी देईल तेवढा लांब. आवाज वाढवत न्या आणि भिंत खडखडायला लागली की जरा खाली घ्या. झाकणाच्या फटीत जाड कापड कोंबा, नाहीतर रस्त्यावरचे हॉर्न आणि कबुतरं दोन्ही गाण्यात येतील. (फिनिक्सलाही टाकीवरचे पक्षी हाकलावे लागत.)

स्पीकर ब्लूटूथने जोडलात तर आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो. लांब ऑक्स वायर वापरा. ती नसेल तर टाकीचा ट्रॅक मागे सरकवून टाळीवर टाळी बसवा.

दोन मीटरच्या टाकीत आवाज सहा मिलिसेकंदांत पलीकडे पोचतो. त्यामुळे वेगळा, मोजता येणारा प्रतिध्वनी इथे मिळायचा नाही. तो शॅडोज या ब्रिटिश बँडच्या ‘अपाची’मधला (१९६०), त्यांचा गिटारवादक हँक मार्विनच्या इको मशीनचा. तसा हवा असेल तर टाकीचा नाद सोडा, डिले (आवाज ठरावीक वेळाने परत वाजवणारा इफेक्ट) लावा.

मिक्स करताना टाकीच्या ट्रॅकवर १५० हर्ट्‌झच्या खालचं कापा, नाहीतर जाड तारा नुसत्या गुरगुरतात. लेव्हल कोरड्या गिटारच्या १० ते १२ डेसिबल खाली ठेवून हळूहळू चढवा. घुमारा वेगळा ओळखू यायला लागला की एक पायरी खाली या. ‘रेबल राउझर’वरचा सॅक्सोफोन आणि आरोळ्या नंतर हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत भरल्या होत्या. तुम्हीही ते शेवटीच घ्या आणि टाकीत गिटार एकटीच पाठवा. ड्रम पाठवलेत तर प्रत्येक ठोक्यामागे शेपूट लागतं आणि ठेका विरघळतो.