कमरेचं पिस्तूल उघडं की झाकलेलं? परवानाधारकांनो, या चुका टाळा

नव्यानं शस्त्र परवाना मिळालेला माणूस माझ्याकडे प्रशिक्षणाला आला की पहिल्याच दिवशी विचारतो, "सर, कमरेला दिसेल असं लावलं तर चालतं ना? ते बघूनच समोरचा लांब राहील." प्रश्न मनापासूनचा असतो. अमेरिकेतले व्हिडिओ बघून बघून ही समजूत पक्की झालेली असते. तिकडे हा वाद खराच आहे. टेक्सासमध्ये २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे अंगावर बांधायच्या पिस्तुलाच्या म्यानात, उघडपणे लावता येतं, आणि सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना त्यासाठी परवानाही लागत नाही. इलिनॉय राज्यात मात्र ते झाकूनच न्यावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न निकालात निघालेला आहे. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ सांगतो की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, ते पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर तुमचा पक्का ताबा हवा. लांब बंदूक असेल तर ती तिच्या कव्हरमध्ये. शस्त्र परजणं किंवा नाचवणं साफ मना. नियम मोडला तर परवाना जाऊ शकतो. कोकणात पीकसंरक्षणाची बंदूक खांद्याला अडकवून बाजारात येणारी मंडळी अजून दिसतात. त्यांनाही हाच नियम लागू आहे, आणि तो परवाना शेतापुरता असतो हे त्यांनी विसरू नये.

दाखवण्याचा मोह ही सगळ्यात महाग पडणारी चूक. माझा एक विद्यार्थी, बांधकाम व्यावसायिक, चहाच्या टपरीवर गाडीतून उतरला. उतरताना शर्ट वर सरकला आणि रिव्हॉल्वरची मूठ बाहेर आली. चहा ओतणाऱ्या पोराचा हात थबकला. बाकावरचे दोघं उठून पलीकडे गेले. तिसऱ्यानं हसत विचारलं, "खरं आहे का?" आणि यानं ते काढून दाखवलं! मला हे तो कौतुकानं सांगत होता. मी त्याला विचारलं, त्या टपरीवर कुणी तुझ्यावर डोळा ठेवून बसलं असतं तर त्याला काय कळलं? तुझ्याकडे शस्त्र आहे, ते कुठल्या बाजूला आहे, आणि एका प्रश्नावर तू ते हातात काढतोस. हल्ला करणारा ठरवून येतो. शस्त्र दिसलं की तो घाबरून परत जाईल असं धरून चालू नका. तो आधी तुम्हालाच गाठेल किंवा पाठीमागून शस्त्रच ओढेल.

कायद्याच्या बाजूनं काय होतं तेही अलीकडे सगळ्यांनी पाहिलं आहे. जुलै २०२४ मध्ये मुळशीतल्या जमिनीच्या वादाचा, हातात पिस्तूल घेऊन दटावतानाचा व्हिडिओ पसरला आणि प्रकरण अटकेपर्यंत गेलं. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ नंतर बाराशेहून अधिक परवान्यांची चर्चा झाली, हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ बाहेर आले आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत आनंदानं बार काढणं हा शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर पिस्तुलाचा फोटो टाकणाऱ्यांनाही माझं हात जोडून सांगणं आहे, तो फोटो आधी काढा.

झाकायचं म्हणजे पँटमध्ये खोचायचं, हा दुसरा गैरसमज. होल्स्टर नसेल तर चाप (ट्रिगर) उघडा राहतो. किल्ली, शर्टाची गाठ, स्वतःचं बोट, काहीही त्यात अडकतं. होल्स्टर असं हवं की चाप पूर्ण झाकला जाईल आणि वाकलं तरी शस्त्र बाहेर पडणार नाही. पट्टाही जाड हवा. पातळ पट्ट्याला अर्धा-पाऊण किलोचं वजन लटकलं की माणूस दर दोन मिनिटांनी तिथं हात नेतो, आणि बघणाऱ्याला तेवढ्यानंच कळतं. शर्टावर आकार उठून दिसत असेल तर एक माप मोठा शर्ट घ्या. आणि घरी, शस्त्र पूर्ण रिकामं करून, झाकलेल्या होल्स्टरमधून ते काढून बघा. पहिल्या दहापैकी निम्म्या वेळा कापड मुठीत येतं. हे संकटात कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.

गाडीच्या डॅशबोर्डचा कप्पा म्हणजे होल्स्टर नव्हे. तुम्ही जेवायला हॉटेलात आणि पिस्तूल गाडीत ड्रायव्हरजवळ, याला ताबा म्हणत नाहीत. परवाना माणसाच्या नावावर असतो. बायको, भाऊ, अंगरक्षक, कुणाच्याही हातात शस्त्र सोपवता येत नाही. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मारेकऱ्यानं वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. पोलिसांनी त्या अंगरक्षकालाही अटक केली.

आता घरातली चूक. मला सगळ्यात जास्त भीती हिचीच वाटते. पिस्तुलातून मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा कप्पा, काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं लोक धरून चालतात. एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, राहिलेली असू शकते, आणि असे अपघात तिनेच होतात. क्रम असा: नळी माणसांपासून लांब, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून धरायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीनं चाचपायचंही. क्रम उलटा झाला, आधी स्लाइड आणि मग मॅगझिन, तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते. रिव्हॉल्वरचं सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचा फिरता भाग, बाहेर काढून सगळी घरं मोजा. शस्त्र हातातून निसटलं तर ते हवेत झेलायला जाऊ नका, पडू द्या. झेलताना बोट नेमकं चापावर जातं. पण भरलेलं शस्त्र पडूनही उडू शकतं, म्हणून ठेवण्याआधी रिकामं करा. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा आपलं परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवत होते. ते हातातून पडलं आणि गोळी त्यांच्या पायात गेली. जुनं शस्त्र असेल तर वर्षातून एकदा परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्या. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा.

प्रवासाचं थोडक्यात. परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे ते वाचा. महाराष्ट्रापुरता असेल तर शस्त्र घेऊन बेळगाव किंवा पणजीला जाता येत नाही. विमानात केबिनमध्ये शस्त्र चालत नाही. ते रिकामं करून, आधी कळवून, चेक-इन सामानातच द्यायचं. नेमबाजीच्या रेंजवर नेलेली सॅक विमानतळावर नेऊच नका. तळाशी राहिलेलं एक काडतूस स्कॅनरमध्ये दिसतं आणि विमान चुकतं, वर गुन्हा दाखल होतो. ते नकळत राहिलं होतं म्हणून न्यायालयांनी असे कित्येक गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर वकिलाच्या आणि कोर्टाच्या खेपा चुकत नाहीत.

निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. सूट हवी असेल तर जिल्ह्याच्या स्क्रीनिंग कमिटीकडे कारणासह लेखी अर्ज करा. शस्त्र लपवून गप्प बसू नका. जमा करताना पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या स्वतः वाचा. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाचा अर्ज दोन-तीन महिने आधीच टाका, कारण मुदत संपल्यावर घरातलं तेच शस्त्र बेकायदा ठरतं.

अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मराठी मुलांसाठी एक गोष्ट. एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर काही अपवाद सोडले तर संघीय कायद्यानं तुम्हाला बंदूक बाळगताच येत नाही. राज्याचा कायदा कितीही मोकळा असला तरी फरक पडत नाही. मित्राची बंदूक "जरा धर" म्हणून हातात आली तरी सावध राहा.

शेवटी, शस्त्र काढायचं कधी? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क लागू होत नाही आणि धोका संपला की हक्कही संपतो. पळणाऱ्या चोराच्या पाठीत मारलेली गोळी हे स्वसंरक्षण म्हणून सिद्ध करणं फार अवघड जातं. पार्किंगवरून वाद झाला तर गाडी काढून निघून जा. आणि गोळी झाडावीच लागली तर धोका टळताच शस्त्र सुरक्षित करा, ११२ ला फोन लावा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागवा, तो हल्लेखोर असला तरीही. पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल) उचलू नका, जागा धुऊ नका, पोलीस येईपर्यंत तिथंच थांबा आणि ते आले की शस्त्र कुठं ठेवलंय ते सांगा, हात रिकामे दिसू द्या.