कंपनीवर बंदी आली की प्रोसेसर नेमका कुठे अडतो, हे कसं तपासावं

एखाद्या मोबाइल कंपनीवर अमेरिकेने निर्बंध घातले की नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइल दुकानांत लगेच चर्चा सुरू होते, ‘आता यांचे फोन बंद.’ माल भरणं थांबवण्याआधी, किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यात बोर्डसाठी प्रोसेसर ठरवण्याआधी, एवढं तपासा.

आधी यादी. अमेरिकेच्या ‘एन्टिटी लिस्ट’मध्ये, म्हणजे ज्यांना परवान्याशिवाय अमेरिकी माल-तंत्रज्ञान देता येत नाही त्यांच्या यादीत, कंपनीचं कायदेशीर नाव आणि पत्ता जुळवा. फक्त ब्रँडचं नाव शोधून भागत नाही. मे २०१९ मध्ये चिनी कंपनी हुआवेबरोबर तिच्या ६८ संलग्न कंपन्याही यादीत गेल्या होत्या.

मग नियमाची पोच. डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी लासलगावने सोसली. तिच्यात आपला माल बाहेर जाणं थांबलं. चिपचा नियम त्याहून लांब जातो. २०२० मध्ये अमेरिकेने तो असा आवळला, की अमेरिकी तंत्रज्ञान वापरून तैवानात बनलेली चिपही हुआवेला परवान्याशिवाय देता येईना. आपलं बियाणं वापरून परदेशात पिकवलेला कांदाही आपल्याच बंदीत धरावा, तसं.

आता डिझाइन. बहुतेक मोबाइल प्रोसेसर आर्म या ब्रिटिश कंपनीच्या डिझाइनवर चालतात. तिचे परवाने ढोबळमानाने दोन प्रकारचे. एकात फक्त आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरने कोणत्या सूचना कशा पाळायच्या याचे नियम मिळतात; कोअर, म्हणजे त्या सूचना पाळणारा प्रोसेसरचा गाभा, कंपनीचे अभियंते स्वतः आखतात. दुसऱ्यात कॉर्टेक्स-ए७७ सारखा तयार कोअर मिळतो. तयार कोअरवर चालणारी कंपनी पुढच्या पिढीला अडकते. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हे सांगायला नको: परवान्यावर लावलेली वेल फळ देत राहते, पण नर्सरीतून नवं वाण येत नाही. डिझाइन कुठे घडलं हेही बघा. मे २०१९ मध्ये आर्मने हुआवेशी व्यवहार थांबवले, पण त्याच वर्षी ‘व्ही-८ (आर्मच्या आर्किटेक्चरची एक पिढी) आणि पुढची आर्किटेक्चर ब्रिटिश मूळची आहेत’ म्हणून ती देता येतील असं ठरवलं.

डिझाइन हातात असूनही चिप निघत नाही, ती दोन कारणांनी. पहिलं सॉफ्टवेअर: सिनॉप्सिस, केडन्स, सीमेन्स या कंपन्यांच्या चिप-डिझाइन साधनांशिवाय आधुनिक चिपचा आराखडा पुरा होणं फार कठीण. चीनसाठी ती अमेरिकेने मे २०२५ मध्ये रोखली, जुलैत बंदी उठली. दुसरं आणि जास्त जड कारण म्हणजे कारखाना. हुआवेचा किरिन ९००० प्रोसेसर हे तैवानच्या टीएसएमसी या चिप कारखान्याच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेवरचं काम (आकडा जितका लहान, तितकी प्रक्रिया नवी), सप्टेंबर २०२० च्या मध्यात ते थांबलं आणि हुआवे साठ्यावर आली. किरिन ९०००एस घेऊन हुआवेचा मेट ६० प्रो फोन ऑगस्ट २०२३ मध्ये आला; तो प्रोसेसर चीनच्याच एसएमआयसी कारखान्याच्या ७ नॅनोमीटरवरचा. चिपवर सर्वांत बारीक नक्षी छापणारं ईयूव्ही यंत्र चीनला मिळत नाही. जुन्या डीयूव्ही यंत्रावर एकाच थराला अनेकदा छपाई करावी लागते, त्यात चुका वाढतात आणि चांगल्या चिप कमी निघतात.

‘रिस्क-व्ही घेऊ, सुटलो’ असं कोणी म्हटलं तर थांबा. त्यात आर्मच्या आर्किटेक्चरऐवजी सूचनासंच खुला, परवान्याविना मिळतो. साधनं आणि कारखाना यांचा प्रश्न तसाच राहतो, आणि आर्मसाठी बांधलेली नेटिव्ह (थेट त्या प्रोसेसरच्या भाषेतली) ॲप पुन्हा बांधावी लागतात.

दुकानदाराने आणखी दोन गोष्टी बघाव्यात. अमेरिकेने दिलेला विक्री परवाना अर्धवट असू शकतो: हुआवेच्या २०२१ च्या पी५० फोनमध्ये अमेरिकी कंपनी क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८८८ प्रोसेसर होता, पण फक्त ४जी. खोक्यावर ५जी बँड वाचा. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये फोन गूगलकडून प्रमाणित दिसतो का ते गिऱ्हाइकासमोरच उघडून दाखवा.

बोर्ड बनवणाऱ्यांनी वितरकाकडून प्रोसेसरचा ईसीसीएन, म्हणजे अमेरिकी निर्यात नियमांतला वर्गीकरण क्रमांक, लेखी घ्यावा. उत्पादन बंद होणार असेल तर शेवटच्या खरेदीसाठी किती महिने मिळतील, हेही त्याच पत्रात लिहून घ्यावं.