लॉन बोल्समध्ये करिअर करायचंय? आधी लांबी सापडू दे

महिन्या-दोन महिन्यांत एखादा तरी मेसेज येतोच, ताई तुम्ही ते लॉन बॉल्स खेळता ना, त्यात कॉम्पिटिशन नाही म्हणे, पटकन इंडिया टीममध्ये घेतात का? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी इंटरनॅशनल प्लेअर नाहीये हं, मूळची सांगलीची, मेलबर्नला नर्स आहे आणि गेली 7 वर्षं क्लबकडून पेनंट खेळते, पेनंट म्हणजे इथली क्लब-क्लबमधली लीग. पण वरच्या लेव्हलला खेळलेल्या बायकांसमोर त्याच ग्रीनवर (ग्रीन म्हणजे या खेळाचं गवताचं मैदान) उभी राहिलेय, त्यामुळे आपण नेमके कुठे कमी पडतो ते चांगलंच कळलंय.

पहिलं म्हणजे बॉल नाही, बोल. (2022 ला मराठी पेपरांनी बॉल छापलं, त्यांना तरी काय बोल लावणार.) खेळ म्हणाल तर गोट्यांचा श्रीमंत चुलतभाऊ. लांब एक छोटा गोळा, म्हणजे जॅक, ठेवायचा, आपण ज्या मॅटवर उभं राहून खेळतो तिच्यापासून कमीत कमी 23 मीटरवर, आणि आपले बोल त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. गोटीत आणि यात फरक एवढाच की बोल सरळ जातच नाही. त्याच्या एका बाजूचा आकार वेगळा असतो, त्याला बायस म्हणतात, वेग कमी होत आला की तो त्या बाजूला वळतो. बोलवर एका बाजूला छोटं वर्तुळ असतं आणि दुसऱ्या बाजूला मोठं, छोटं वर्तुळ आतल्या बाजूला, म्हणजे बोल जिकडे वळायला हवा तिकडे ठेवायचं. मी पहिल्याच मॅचला उलटं धरलं, तर माझा बोल जो निघाला तो मस्त वळण घेत शेजारच्या रिंकवर (रिंक म्हणजे ग्रीनवरचा एका मॅचचा पट्टा), तिथे चाललेल्या मॅचच्या मधोमध जाऊन बसला. आमची स्किप, म्हणजे कॅप्टन, 72 वर्षांची, ती शांतपणे म्हणाली, आज चहा तुझ्याकडून. अजून देतेय मी तो चहा, कारण ही चूक दमलात की परत होते.

लाईन, म्हणजे बोल कुठल्या दिशेने सोडायचा ते, पंधरा दिवसांत सापडते, खरं दुखणं वेटचं आहे, म्हणजे बोल किती जोरात सोडायचा, त्यावरच लांबी ठरते. ग्रीनचा स्पीड सेकंदांत मोजतात, बोल सोडल्यापासून 27 मीटरवर जाऊन थांबेपर्यंत किती वेळ लागला. आता गंमत बघा, जास्त सेकंद म्हणजे ग्रीन फास्ट! कारण गुळगुळीत ग्रीनवर बोल हळू सोडला तरी पोचतो, म्हणून वेळ जास्त लागतो, आणि वळतोही जास्त. इंग्लंड-स्कॉटलंडकडे साधारण 10-12 सेकंद, जड ग्रीन, ढकलावं लागतं; इकडे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला 14 च्या पुढे, कधी 17-18. एकाच ग्रीनवर सुद्धा सकाळी दव असताना एक स्पीड आणि दुपारी ऊन तापलं की दुसरा. इंटरनॅशनल प्लेअर आणि माझ्यात फरक इथे आहे, त्यांना नव्या देशात दोन-तीन ट्रायल एन्डमध्ये (एन्ड म्हणजे एक फेरी) हाताला अंदाज येतो, मला अर्धी मॅच जाते आणि तोवर आम्ही 8-9 पॉइंटने मागे असतो.

फोर्समध्ये, म्हणजे चौघींच्या टीमच्या मॅचमध्ये, प्रत्येकीला दोनच बोल. खेळायचा क्रम लीड, सेकंड, थर्ड, स्किप. नवीन लोकांना स्किप व्हायचं असतं कारण ती लांब उभी राहून हात वर करून सांगते आणि शेवटी ड्राइव्ह, म्हणजे जोरदार बोल, मारून सगळं उधळते, भारी दिसतं ते. माझं ऐका, लीड व्हा. लीडचं काम कंटाळवाणं आहे, जॅक सोडायचा आणि दोन बोल त्याच्याजवळ नेऊन ठेवायचे, बस. पण चांगली लीड सगळ्यांना हवी असते, टीममध्ये शिरायचा तोच दरवाजा.

आता पैशांचं. 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला आपल्या बायकांनी फोर्सचं गोल्ड घेतलं, लॉन बोल्समधलं भारताचं पहिलंच मेडल. फायनलला 8-2 ने पुढे होत्या, साऊथ आफ्रिकेने 8-8 केलं, मग 10-8 ने पुढे पण गेले, आणि शेवटच्या एन्ड्समध्ये आपण 17-10 ने काढली. आता त्या चौघी काय करत होत्या बघा. लव्हली चौबे झारखंड पोलिसात, पिंकी दिल्लीत शाळेत पीटी टीचर, नयनमोनी सैकिया आसामच्या वनखात्यात, रूपाराणी तिर्की झारखंडमध्ये क्रीडा अधिकारी. एकीचंही पोट बोल्सवर नव्हतं. आणि कुणी आधी कबड्डी, कुणी वेटलिफ्टिंग, कुणी ॲथलेटिक्स केलेलं. पिंकी आणि रूपाराणी तर 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थपासून खेळत होत्या, म्हणजे 12 वर्षं कॉमनवेल्थचं मेडल नाही, बातमी नाही, तरी रजा टाकून कॅम्पला जायचं. त्यानंतर नयनमोनीला अर्जुन मिळाला, त्याच यादीत आपला अविनाश साबळे आणि मल्लखांबवाला सागर ओव्हळकर पण होता. तर पटकन टीममध्ये घेतात का, याचं उत्तर हे असं आहे.

महाराष्ट्रातल्या पोरांची अडचण वेगळी, जवळपास ग्रीनच नाही. ग्रीन दिल्ली, रांची, गुवाहाटी, कोलकाता असे लांब लांब. घरी गालिच्यावर करून काही उपयोग नाही, हे मी सुट्टीत सांगलीला आईच्या हॉलमध्ये करून बघितलंय, टीव्हीचं स्टॅंड गेलं. त्यामुळे नोकरी-शिक्षणासाठी त्या शहरांत असाल किंवा बाहेरदेशी असाल तरच सिरीयसली घ्या.

इकडे आलेल्या स्टुडंट्सना मात्र सोपं आहे. मेलबर्नला बऱ्याच सबर्बमध्ये क्लब आहे, मेंबर म्हातारे होत चाललेत आणि नवीन माणूस दिसला की जीव टाकतात. बोल लगेच विकत घेऊ नका, नवा चारचा सेट 500 डॉलरच्या आसपास जातो, क्लबचे वापरा आणि आधी स्वतःचा साईज शोधा. मी उत्साहात एक नंबर मोठा सेकंडहॅन्ड घेतला, हाताच्या पंज्यात बसेना, थंडीत घसरायचा, वर्षभर मनगट दुखलं. शूज पूर्ण सपाट तळाचे, नाहीतर ग्रीनकीपर ओरडतो आणि त्याचं बरोबरच असतं.

प्रॅक्टिसला मॅचच खेळत बसू नका. एकटे जा, जॅक 23 वर ठेवा, चार बोल टाका, मग 30 वर, परत 23 वर, असं तासभर. बोल कुठे गेला ते वहीत लिहा, शॉर्ट का लॉन्ग एवढंच. माझ्या पहिल्या वहीत पानंच्या पानं शॉर्ट, शॉर्ट, शॉर्ट आहे.