अमेरिकेच्या जनगणनेतून वंश आणि वर्ग कसा वाचावा

एका कृष्णवर्णीय कुटुंबाचा माग काढायचा तर उलटं चालावं. जनगणनेची पानं ७२ वर्षांनी खुली होतात, म्हणजे सध्या १९५० पर्यंतची मिळतात. तिथून दहा-दहा वर्षं मागे सरका. १८९० चं पान शोधत बसू नका. १९२१ च्या आगीनंतर त्यातलं जवळपास काहीच उरलं नाही.

फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडा. नाव सापडलं नाही तर आडनाव सोडून पहिलं नाव, वय (दोन-तीन वर्षं इकडेतिकडे) आणि काउंटी (जिल्हा) घालून बघा. सूची करणाऱ्यांनी अक्षर चुकीचं वाचलेलं असतं, म्हणून मूळ पान पाहिल्याशिवाय काहीच उतरवू नये.

वंशाचा रकाना आहे तसा लिहा, सुधारायला जाऊ नका. १९६० पूर्वी तो सहसा प्रगणकच भरायचा, बऱ्याचदा नुसतं तोंड बघून. शिवाय नियम बदलत राहिले: ‘मुलॅटो’ (गोऱ्या-काळ्या मिश्र वंशाचे) १९०० मध्ये नाही, १९१० आणि १९२० मध्ये आहे, १९३० मध्ये पुन्हा गायब. तीच बाई ‘बी’ (ब्लॅक), मग ‘एमयू’ (मुलॅटो), मग ‘नेग’ (नीग्रो) झाली तर बदलला तो फॉर्म. १९२० ते १९४० ‘हिंदू’ हाही वंशच होता, त्यात कॅलिफोर्नियातले शीख शेतकरीसुद्धा मोजले जात. त्यावरून कुणाचा धर्म ठरवू नका.

वर्ग ओळखायला १८५० ते १८७० स्थावर मालमत्तेची किंमत, १९०० पासून घर स्वतःचं की भाड्याचं, १९३० मध्ये घराची किंमत किंवा महिन्याचं भाडं. १९४० चा उत्पन्नाचा रकाना मात्र फसवा आहे. त्यात फक्त पगार आणि मजुरी, तीही ५००० डॉलरपर्यंतच. स्वतःची जमीन कसणारा किंवा दुकानदार तिथे शून्यावर दिसतो. ५० डॉलर किंवा त्याहून जास्त इतर उत्पन्न होतं का, हा शेजारचा रकाना वाचल्याशिवाय त्याला गरीब ठरवू नये.

पानावर त्या कुटुंबाच्या वरची दहा आणि खालची दहा घरंही उतरवून घ्या. ‘मिश्र वस्ती’ दिसली तर १८८० पासूनचा कुटुंबप्रमुखाशी नात्याचा रकाना तपासा. तिथे ‘सर्व्हंट’ असेल तर ती शेजारीण नव्हे, घरात राहणारी मोलकरीण.

१८७० च्या मागे वाट अडते. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचं. गुलामांचं बहुधा फक्त वय, लिंग, वर्ण. मालकाचंच आडनाव सगळ्यांनी घेतलं नव्हतं, त्यामुळे आडनाव जुळलं एवढ्यावर नातं जोडू नका. १८६५ नंतरचे फ्रीडमेन्स ब्यूरोचे (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे) मजुरी करार आधी चाळा.