डोंगरात मुक्काम करताना घोडा झाडाला नको, वरच्या दोरीला बांधा

खोडाला बांधलेला घोडा रात्रभर त्याच्याभोवती फिरतो. दावं गुंडाळत जातं, साल सोलली जाते, खुरांनी मुळं उघडी पडतात आणि सकाळी घोडा एका पायात दोरी अडकवून उभा असतो. म्हणून दोन झाडांच्या मध्ये उंचावर दोरी ताणा.

१. दोन जिवंत, जाडजूड झाडं निवडा. जागा पाण्यापासून आणि तंबूपासून साधारण ६० मीटर लांब, शक्यतो कोरडी आणि खडकाळ.

२. खोडाभोवती रुंद पट्टा गुंडाळून त्यातून दोरी ओवा. नुसती दोरी सालीत रुतते. उंची घोड्याच्या डोक्याच्या वर, सुमारे ७ फूट. दोरी चांगली ताणा. सैल राहिली तर घोड्याच्या ओढीने खाली झोळ पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

३. दावं त्या दोरीला बांधा, पण झाडापासून निदान ८ फूट आत. गाठ अशी मारा की मोकळं टोक ओढताच सुटेल. लांबी नीट जमवायला हवी: चारा खाताना तोंड जमिनीला पोचावं, पण पाय दाव्यावरून पलीकडे जाऊ नये. दोन घोडे असतील तर एकमेकांना लाथ लागणार नाही इतकं अंतर ठेवा.

बांधताना लगाम काढून मोरकी (तोंडात कडी नसलेली, डोक्यात घालायची दोरी) घाला. लगामाने बांधलेला घोडा बिचकून मागे सरला, तर तोंडातल्या लोखंडी कडीने त्याची जीभ आणि जबडा जखमी होतो.