झाड हलतं, झाड वाढतं: झाडावरचं घर बांधताना या चुका टाळा

जोंधळ्याच्या राखणीला शेतात माळा घालतात, तो दोरखंडाने बांधतात. सुगी संपली की माळा सोडायचा, दोर घरी आणायचा. तेवढ्या दिवसांत झाडाला काही होत नाही, आणि वारं सुटलं तरी गाठी थोड्या सरकतात, माळा मोडत नाही. परसातलं झाडावरचं घर मात्र दहा-पंधरा वर्षं टिकायला हवं असतं. तरी ते एक तर माळ्यासारखं दोराने-तारेने आवळलेलं दिसतं, नाहीतर चारी कोपऱ्यांत नट-बोल्टांनी जखडलेलं. पहिल्यात झाड मरतं, दुसऱ्यात घर मोडतं. कोल्हापुरातली ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीतली बंगल्यांची आवारं असोत की पन्हाळा रस्त्याकडची फार्महाऊस, चुका सगळीकडे त्याच होतात.

चुकीचं झाड

गुलमोहर सावलीला छान, पण त्याचं लाकूड कमकुवत आणि मुळं उथळ. वळवाच्या एका सपाट्यात गुलमोहराच्या फांद्या रस्त्यावर पडलेल्या कोल्हापूरकरांनी दरवर्षी पाहिल्या आहेत. शेवगा, पांगारा, सुबाभूळ, सिल्व्हर ओक यांचाही विचार सोडून द्या. नारळाचं खोड सरळ म्हणून मोह होतो, पण नारळाला साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थरच नसतो. त्याच्या खोडाला पाडलेलं भोक आयुष्यभर तसंच राहतं.

चिंच, आंबा, जांभूळ, कडुलिंब ही भरवशाची झाडं. बोल्ट बसवायचा तिथे खोडाचा घेर किमान ४ फूट हवा, म्हणजे व्यास साधारण सव्वापंधरा इंच. लाकडी हातोड्याने खोड चारी बाजूंनी ठोकून ऐका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ लाकूड डब्यासारखं. बुंध्याशी अळिंबी उगवलेली असेल तर मुळं कुजत असण्याची शक्यता मोठी, ते झाड घ्यायचं नाही. आंब्याच्या खोडावर छिद्र असेल आणि खाली भुसा, डिंक दिसत असेल तर आत खोडकिडा आहे. आधी त्याचा बंदोबस्त करा, एक हंगाम जाऊ द्या, मग पुन्हा तपासा.

दोन फांद्यांच्या बेचक्यात फळ्या ठोकून बसवणं हाही नेहमीचा घोटाळा. बेचकं चिमटीसारखं अरुंद असेल आणि मध्ये साल आत दबलेली दिसत असेल तर तो सांधा मुळातच कच्चा आहे. पाचर ठोकल्यासारखं घर त्यात बसवलं की वजन आणि वारा मिळून तो हळूहळू उकलतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू: झाड वाढलं म्हणून घर वर जात नाही. झाडाची उंची शेंड्याला वाढते, खोड फक्त जाड होतं. आज ८ फुटांवर बसवलेला बोल्ट वीस वर्षांनीही ८ फुटांवरच असेल.

दोर, तार, साखळी

“झाडाला भोक कशाला पाडायचं, आवळून बांधू” हा विचार झाडावरच्या मायेतून येतो, आणि झाडाचा सगळ्यात मोठा घात तोच करतो. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. खोड जाड होत जातं, तार होत नाही. तार सालीत रुतते आणि तो थर सगळीकडून दाबून टाकते. मुळं उपाशी राहतात. तारेच्या वर खोड फुगलेलं दिसू लागलं की समजा अन्न तिथे अडतंय. तारेखाली रबर, गोणपाट किंवा टायरचा तुकडा घातला तरी फास तो फासच.

एक भोक झाड सहन करतं. झाड जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकतं: जखमेभोवतीचं लाकूड कुजणीला अडवणारी भिंत होतं आणि वरून नवं लाकूड चढतं. ही भिंत आडव्या दिशेने पक्की असते, वर-खाली कच्ची. म्हणून एकाखाली एक दोन भोकं जवळ पाडली तर दोन्हींची कूज एकमेकींना मिळते. उभ्या रेषेत दोन बोल्टांमध्ये किमान दीड फूट ठेवा. तीस-चाळीस खिळे ठोकणं म्हणजे तीस-चाळीस जखमा, आणि त्यातला एकही खिळा धड वजन पेलत नाही. थोडे पण जाड बोल्ट, हाच हिशेब.

बोल्टात काटकसर

८ बाय ८ फुटांची फळी, म्हणजे घराची फळ्यांची जमीन, जवळपास ६ चौरस मीटर. राहत्या घरांसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला २०० किलोचा भार धरतात, तोच इथे धरायचा: १२०० किलो. लाकूड, पत्रा, कठडा यांचे चारशे-पाचशे किलो वेगळे. पोरं चारच चढणार हे खरं, पण वाढदिवसाला बाराजण चढतात.

झाडावरच्या घरांसाठी खास बोल्ट असतो. खोडात शिरणारा आटेदार भाग सव्वा इंच जाड आणि साधारण सहा इंच लांब, त्यामागे तीन इंच व्यासाची मान, आणि पुढे तुळई पेलणारा दांडा. मानेचा निम्मा भाग, सुमारे दीड इंच, खोडात बसतो. सगळी गंमत त्या मानेत आहे: भार रुंद जागेवर पसरतो, दांडा वाकत नाही, आणि झाड तिच्याभोवती नवं लाकूड घालून तिला आणखी घट्ट धरतं.

कोल्हापुरात हा बोल्ट बाहेरून मागवायची गरज नाही, उद्यमनगरातला कुठलाही चांगला लेथवाला तो करून देईल. सांगताना मात्र तीन गोष्टी ठामपणे सांगा. पहिली, कास्टिंग नको. आपल्याकडे फाउंड्री दारात आहे, बीड म्हणजे ओतीव लोखंड स्वस्त मिळतं, पण बीड ठिसूळ असतं. झाडाच्या झटक्यांना ते न वाकता, न सांगता तुटतं. ईएन-८ या जातीच्या पोलादाचा बार घ्या. दुसरी, बारीक बारवर मान वेल्ड करून नको, एकाच जाड बारमधून कातून काढा. ईएन-८ मध्ये कार्बन जास्त असल्यामुळे साध्या वेल्डिंगने शेजारचं पोलाद कडक आणि ठिसूळ होतं, आणि चीर नेमकी तिथेच पडते. तिसरी, पिवळं प्लेटिंग नको, हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा, करा. पिवळं प्लेटिंग आपल्या पावसात फार टिकत नाही. हॉट डिपने आटे भरतात, म्हणून नटाचे आटे थोडे सैल काढून घ्या.

भोक पाडताना ऑगर बिट (लाकडात खोल भोक पाडायचं पातं) धारदार हवं आणि स्पिरिटने पुसलेलं. भोक लेव्हल लावून आडवंच पाडा. तिरकं वर गेलं तर दांडा बाहेरच्या बाजूला उतरतो, खाली गेलं तर पाणी आत उतरतं. बोल्ट बसल्यावर कडेला डांबर, सिमेंट, एमसील काही भरू नका. ओल आत कोंडते आणि कुजणीला आयतं घर मिळतं. हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढा आणि वळवाच्या आधी उरका.

दोन झाडं एका तुळईने जखडणं

सगळ्यात जास्त घरं मोडतात ती इथे. दोन झाडं एकाच वाऱ्यात एकसारखी हलत नाहीत. चिंच संथपणे झुलते, शेजारचा आंबा वेगळ्याच तालात. दोघांमध्ये दोन्ही टोकांना घट्ट बोल्टलेली तुळई म्हणजे दोन बैलांच्या मानेवरचं जू, आणि बैल दोन दिशांना ओढताहेत. आधी नटाखालचं लाकूड चिरडतं, मग भोक लांबट होतं, मग तुळई तरी चिरते किंवा बोल्ट तरी तुटतो.

नियम सोपा: तुळईचं एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. तीन झाडं असतील तर एकावर पक्कं, दोनांवर मोकळं.

मोकळं किती ठेवायचं, हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. ज्या उंचीवर घर येणार त्या उंचीला दोन्ही झाडांना एकेक बांबू सुती कापडाने आडवा बांधा, असा की दोघांची टोकं मधे एकमेकांवर येतील. एका टोकाला पुठ्ठा, दुसऱ्याला रबराने पेन्सिल, टोक पुठ्ठ्याला टेकलेलं. घर हिवाळ्यात बांधायचं असेल तर हे आदल्या उन्हाळ्यातच करा. वळवाचं वारं होऊन गेलं की पुठ्ठा उतरवा. पेन्सिलीने त्यावर गिचमिड काढलेली असेल, रेघा सगळ्या एका दिशेने नसतील, आणि नेमकं तेच बघायचं असतं. सगळ्यात लांब रेघ मोजा. तिच्या तिप्पट, पण चार इंचांपेक्षा कमी नाही, एवढी आडवी मोकळीक द्या. मोजून झालं की कापड लगेच सोडा.

मोकळं टोक असं करतात: १० मिमी प्लेटचा लांबट कोश तुळईच्या टोकाला बोल्टायचा आणि झाडातून आलेला दांडा त्या कोशातून बाहेर काढायचा. खाली-वर फक्त दोन-तीन मिलिमीटर सैल, आडवी मात्र पूर्ण मोकळीक. वारं नसताना दांडा कोशाच्या बरोबर मधोमध हवा. कोशाच्या आत जाड नायलॉनची पट्टी बसवा. ग्रीस नको, त्यात धूळ बसते आणि काही दिवसांत ते पॉलिश पेपरसारखं घासायला लागतं. कोश चारी बाजूंनी बंदच हवा. वरून उघडा असेल तर वावटळीत तुळई उचलली जाऊन दांड्यावरून सुटते.

झाड तुळईच्या दिशेनेच हलतं असंही नाही, ते आडवंही हलतं. म्हणून साल आणि तुळई यांच्यात तीन इंच, आणि तुळईच्या बाहेर दांडा आणखी तीन इंच ठेवा, टोकाला जाड वॉशर आणि डबल नट. वॉशर तुळईला आवळायचा नाही.

उंची वाढेल तशी हालचाल वाढते. पहिलं घर ८ ते १० फुटांवरच ठेवा.

एका बाजूला जमिनीवरचे खांब आणि दुसऱ्या बाजूला झाड, असं करणार असाल तरी नियम तोच. खांब हलत नाहीत, झाड हलतं, तेव्हा झाडाकडचं टोक मोकळं. शिडीही वर बिजागरीने टांगा आणि खाली नुसती फरशीवर टेकवा. दोन्हीकडे पक्की केली तर पहिल्या वाऱ्यात पायऱ्या निखळतात.

खोडाभोवतीची फट

फळीतून खोड वर जातं तिथे सुतार हौसेने अगदी सालीला भिडवून गोल कापतो. दिसतं सुरेख. दोन पावसाळ्यांत फळी सालीला घासून जखम करते, नाहीतर खोडच फळी उचलतं. खोडाभोवती फळीत चहूबाजूंनी किमान दोन इंच, छपरात चार इंच मोकळं सोडा. घेर सव्वासहा इंचांनी वाढला की प्रत्येक बाजूची फट एका इंचाने कमी होते. दर दिवाळीला टेपने घेर मोजून दाराच्या आतल्या बाजूला लिहीत गेलात की फळी पुन्हा कधी कापायची ते आपोआप कळतं. त्या कडेच्या फळ्या म्हणूनच स्क्रूने लावा, खिळ्याने नको.

मुळांवर घाव

बांधकामासाठी मुरूम आणून बुंध्याशी ओततात, वर पेव्हर बसवतात. अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, त्यांना हवा लागते. खांबाचा खड्डा बुंध्यापासून जमेल तितका लांब घ्या, आणि मनगटाएवढं मूळ लागलं तर मूळ तोडू नका, खड्डा सरकवा. काळ्या मातीत पावसाळ्यात खांब हलतात, तेव्हा खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्या.

महापालिका हद्दीत आणखी एक सांभाळा. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच धरलं आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरतात. झाड आपल्या आवारातलं असलं तरी काम काढण्याआधी उद्यान विभागात विचारून या.

छप्पर आणि भिंती

मंगलोरी कौलं जड असतात आणि हलत्या वाशांवरून सरकतात. रंगीत पत्रा वापरा. चारी भिंती बंद केल्या की घराचं शीड होतं, त्यामुळे दोन बाजू जाळीच्या किंवा अर्ध्या ठेवा. कठडा साडेतीन फूट, दांड्या उभ्या, मधली फट चार इंचांपेक्षा कमी. आडव्या दांड्यांवर मुलं शिडीसारखी चढतात. लाकूड किंजळ किंवा साग घ्या, पण वाळलेलं. ओलं लाकूड आकसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात सगळे नट सैल होतात.

आधीच बांधलेलं घर कुरकुरतंय?

करकर नेमकी कुठून येते ते वारं असताना हात लावून शोधा. जिथे लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालंय तिथे घासतंय. बोल्टाच्या भोकाभोवती बारीक पीठ पडलं असेल तर भोक मोठं होतंय. ते टोक मोकळं करायला हवं, नट आणखी आवळून उपयोग नाही. नट आवळला की आवाज आठवडाभर थांबतो आणि तुळई आतून चिरत राहते.

तार सालीत पूर्ण बुडाली असेल तर ओढून काढू नका, साल सोलून निघेल. बाहेर दिसते तिथे दोन-तीन ठिकाणी कापा आणि आतले तुकडे आतच राहू द्या. जुन्या खिळ्यांचंही तसंच, साल चढली असेल तर हात लावू नका. खोडाला टेकलेली फळी जिगसॉने कापा. घर एका बाजूला कललं असेल तर आधी झाडाचा बुंधा बघा. मातीला भेग पडून एक बाजू उचललेली दिसली तर घर उतरवण्यावाचून मार्ग नाही, आणि ते पावसाआधी.

मे अखेरीस एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, असे वर्षातून दोनदा सगळे सांधे तपासा. आणि मुलांना पहिल्या दिवसापासून सवय लावा: गडगडाट ऐकू आला की खाली उतरायचं, खेळ अर्धा राहिला तरी. आभाळ शांत झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मगच पुन्हा शिडी चढायची.